घरात आजारपण आले असता शेतीकामाचे नियोजन



पिकांवरील रोगांविषयी आपण नेहमीच वाचत असता. पान पिवळे पडले, शेंडा वाळला किंवा बोंडात अळी दिसली तर कोणता उपाय करावा, याची माहिती आज गावोगावच्या शेतकऱ्यांना आहे. परंतु पिकाची काळजी घेणारा माणूसच अंथरुणाला खिळला तर शेताचे काय करावे, याचा विचार आपण आधी करून ठेवत नाही. आजारपण सांगून येत नाही, आणि ते नेमके पेरणी किंवा काढणीच्या तोंडावर आले तर घरची माणसे दवाखान्यात आणि पीक रानात अशी ओढाताण होते. आपल्याकडील बरीचशी शेती घरच्या माणसांच्या श्रमावर चालते. त्यामुळे एक माणूस आजारी पडला की कामाची दोन माणसे कमी होतात : एक आजारी आणि दुसरे त्याच्या उशाशी बसलेले.

अशा वेळी शेती कशी सांभाळावी, रुग्णाकडे कसे लक्ष द्यावे आणि आजारातून उठणाऱ्या माणसाला पुन्हा शेताकडे कसे न्यावे, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे. ती प्रामुख्याने मराठवाड्यातील कोरडवाहू व अर्धबागायती शेती डोळ्यांसमोर ठेवून दिली असली, तरी इतर भागांतील शेतकऱ्यांनाही थोड्याफार फरकाने उपयोगी पडेल.

एक अनुभव

हा विषय निवडण्यास घरचाच अनुभव कारणीभूत आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, संध्याकाळी शेतातून आले आणि जेवताना त्यांच्या उजव्या हातातील घास ताटात पडला. बोलताना जीभ अडखळू लागली. दिवसभराच्या उन्हातान्हाने थकवा आला असेल, अंगावरून वारे गेले असेल, असे म्हणून घरच्यांनी हातापायाला तेल चोळले आणि रात्र काढली. सकाळी मला फोन आला. दवाखान्यात नेईपर्यंत बारा तासांहून अधिक वेळ गेला होता. तो पक्षाघाताचा झटका होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

त्या वेळी चार एकर सोयाबीन कापून रानात पसरलेले होते. आम्ही सर्वजण दवाखान्यात होतो. दोन दिवसांनी मळणीयंत्र घेऊन एक जण शेतात आला, कोणी नाही असे पाहून परत गेला. आबांनी त्याला विसार देऊन ठेवला होता, हे आम्हाला दोन महिन्यांनी त्याच्याच तोंडून कळले. आबांना सर्व ठाऊक होते, पण त्यांना बोलता येत नव्हते. आणि आम्हाला बोलता येत होते, पण काहीच ठाऊक नव्हते. त्या वर्षी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात परतीच्या पावसाने मराठवाड्यात काय केले ते आपणास आठवत असेलच. आमच्या सोयाबीनला शेंगेतच मोड आले.

सोयाबीन काढणीचे तंत्र मी विद्यार्थ्यांना शिकवतो. कापलेला माल ढीग करून ताडपत्रीने झाकावा, हे वर्गात फळ्यावर लिहितो. पण शेजाऱ्याला एक फोन करून "आमच्या रानातला माल तेवढा झाका" असे सांगण्याचे मला आठ दिवसांत सुचले नाही. ज्ञान नव्हते असे नाही, नियोजन नव्हते. आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी वेळ येऊ नये. पण आलीच, तर या दोन्ही चुका होऊ नयेत म्हणून हे लिहीत आहे.

पक्षाघात : पहिले काही तास महत्त्वाचे

खेड्यात पक्षाघाताला लकवा किंवा वारे जाणे म्हणतात आणि तेल-मालिश, काढा, उतारा यांत मोलाचा वेळ जातो. प्रत्यक्षात हा मेंदूचा आजार आहे. मेंदूला रक्त पुरवणारी नळी गुठळीमुळे बंद पडते किंवा फुटते. पुढील तीन लक्षणे घरातील लहानथोरांना ठाऊक असावीत :

१) हसायला सांगितले असता तोंड एका बाजूला ओढले जाते.
२) दोन्ही हात समोर वर धरण्यास सांगितले असता एक हात खाली पडतो.
३) बोलणे अडखळते, बोबडे होते किंवा बोललेले समजत नाही.

यापैकी एक लक्षण अचानक दिसले तरी ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून सुरू आहे. मेंदूचे सी. टी. स्कॅन होऊ शकेल अशा रुग्णालयात रुग्णाला न्यावे, कारण नळी बंद पडली आहे की फुटली आहे हे त्याशिवाय कळत नाही आणि दोहोंचे उपचार वेगळे आहेत. गुठळी विरघळवणारे औषध योग्य रुग्णाला लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून लक्षण किती वाजता दिसले ते लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावे. रुग्णाला तोंडाने पाणी, चहा किंवा घरातील कोणतीही गोळी देऊ नये. गिळता येत नसल्यास ते श्वासनलिकेत जाते. लक्षणे थोड्या वेळाने आपोआप गेली तरी दवाखाना टाळू नये. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

शेतीकामाची वर्गवारी

घरात आजारपण आले की सगळीच कामे तुंबल्यासारखी वाटतात आणि कशाला हात घालावा ते सुचत नाही. अशा वेळी कागद घेऊन कामांची तीन गटांत विभागणी करावी.

अ) ज्यांना थांबवता येत नाही अशी कामे

१) पेरणी : पेरणीचा काळ एकदा गेला की परत येत नाही. पुरेसा, म्हणजे ७५ ते १०० मि. मी. पाऊस झाल्यावर सोयाबीनची पेरणी १५ जुलैपर्यंत उरकावी. कोरडवाहू रब्बी ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात पेरावी. कोरडवाहू हरभऱ्याचेही तसेच आहे. जमिनीतील ओल उडून गेल्यावर पेरलेला हरभरा विरळ उगवतो.

२) सुरुवातीची तण काढणी : सोयाबीनमध्ये पेरणीनंतर १५ ते ४५ दिवसांत तणाचा सर्वाधिक त्रास होतो. पहिली कोळपणी १५ ते २० दिवसांनी व दुसरी ३० ते ३५ दिवसांनी करावी. ही कामे लांबली तर पीक फुलोऱ्यात येते आणि मग कोळपे घालता येत नाही, मुळे तुटतात व फुलगळ होते.

३) पाण्याच्या नाजूक अवस्था : सर्व पाळ्या देणे जमत नसेल तर निदान या अवस्था चुकवू नयेत. गव्हाला मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी म्हणजे पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी. बागायती हरभऱ्याला फांद्या फुटताना ३० ते ३५ दिवसांनी, फुलोऱ्यात ४५ ते ५० दिवसांनी आणि घाटे भरताना ६५ ते ७० दिवसांनी. सोयाबीनला फुलोऱ्यात व शेंगा भरताना पावसाचा खंड पडल्यास. तुरीला फुलोऱ्यात व शेंगा भरताना.

४) सोयाबीन काढणी, ढीग झाकणे व मळणी : पक्व झालेले पीक उभे राहिले तर शेंगा फुटून दाणे गळतात, कापून पडलेले भिजले तर मोड येतात. मळणी लगेच होणार नसेल तर कापलेला माल उंचवट्यावर ढीग करून ताडपत्रीने झाकावा. हे काम दोन माणसे एका दिवसात बरेच आटोपतात.

५) जनावरांचे चारा-पाणी व दूध काढणे : हे काम एक वेळही टळत नाही. म्हणून त्याचा बंदोबस्त सर्वांत आधी करावा.

ब) आठ-पंधरा दिवस लांबवता येणारी कामे

पाऊस नसेल तर कापसाची वेचणी आठवडाभर पुढे ढकलता येते. वाळलेल्या तुरीची मळणी, हरभऱ्याची मळणी, शेणखत टाकणे, बांधबंदिस्ती, कुंपण दुरुस्ती, मालाची विक्री ही कामे माणूस दवाखान्यातून घरी येईपर्यंत थांबू शकतात. मात्र तूर असो वा हरभरा, काढलेला माल झाकून ठेवलेला असावा.

क) या वर्षी सोडून द्यावयाची कामे

१) कपाशीची फरदड घेऊ नये. गुलाबी बोंडअळीमुळे ती एरवीही घेऊ नये अशी शिफारस आहे. डिसेंबरअखेर कपाशी मोडून रान मोकळे करावे.
२) खोल नांगरट दरवर्षी लागत नाही. काळ्या जमिनीत तीन वर्षांतून एकदा केली तरी पुरते. या वर्षी वखराच्या पाळ्यांवर भागवावे.
३) भाजीपाला, उन्हाळी भुईमूग यांसारखी रोज माणूस मागणारी पिके त्या हंगामापुरती टाळावीत. गव्हाऐवजी हरभरा घेतल्यास पाण्याच्या रात्रपाळ्या कमी होतात.
४) दूरचे किंवा अवघड रान एका हंगामासाठी विश्वासू माणसाला बटईने द्यावे. व्यवहार कागदावर लिहून ठेवावा म्हणजे पुढे मने दुखावत नाहीत.

काम सोडून देणे हा कमीपणा नव्हे. माणूस उठेपर्यंत घराने तगून राहणे हेच त्या वर्षीचे पीक होय.

शेताची वही

वर सांगितलेल्या अनुभवातून आम्ही शिकलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शेताची वही. आपल्याकडे शेतीचा सर्व हिशोब कर्त्या माणसाच्या डोक्यात असतो. तो माणूस बोलू शकला नाही तर घर आंधळे होते. म्हणून दोनशे पानी वही आणून घरातील शिकलेल्या मुलाने किंवा सुनेने पुढील नोंदी कर्त्या माणसाला विचारून लिहून काढाव्यात :

१) प्रत्येक गटाचे क्षेत्र, पीक, वाण व पेरणीची तारीख. तारीख असली की पाण्याचे व कोळपणीचे दिवस कोणालाही मोजता येतात.
२) पाणी साठणारी जागा, निचऱ्याचा चर, पाइपलाइनचे व्हॉल्व्ह, मोटर सुरू करण्याची पद्धत, विजेच्या पाळीचे वार.
३) बियाणे, खत, कीटकनाशक कोठे ठेवले आहे. घरच्या बियाण्याच्या पोत्यावर चिठ्ठी असावी.
४) कोणाला उचल किंवा विसार दिला, कोणाकडून येणे आहे, कोणाचे देणे आहे.
५) सालगडी, ट्रॅक्टरवाला, मळणीयंत्रवाला, पशुवैद्यक, सहायक कृषी अधिकारी व विश्वासू शेजारी यांचे फोन क्रमांक.
६) पीककर्जाची रक्कम, बँक किंवा सोसायटी, फेडीची मुदत.
७) जनावरांच्या विण्याच्या अंदाजे तारखा.
८) घरातील प्रत्येकाची नेहमीची औषधे, त्यांची मात्रा व पूर्वीचे आजार.

दर अमावस्येला वही पुढे घेऊन बसण्याचा रिवाज ठेवल्यास नोंदी अद्ययावत राहतात. त्या दिवशी बैलांना सुट्टी असते, माणसे घरी असतात.

सावड आणि अवजारे

आपल्या गावगाड्यात सावड आणि इर्जिक या पद्धती होत्या. अडलेल्याच्या रानात शेजाऱ्यांनी औते घेऊन यावे, एका दिवसात काम उरकावे, त्याने सर्वांना जेवू घालावे. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, तशी ही पद्धत मागे पडली. ती पुन्हा चालू करता येते. चार-पाच शेजारी कुटुंबांनी आपसांत ठरवावे की कोणाच्याही घरी दवाखाना निघाला तर बाकीच्यांनी गट 'अ' मधील कामे न विचारता करावीत. मदत मागण्याचा संकोच शेतकऱ्याला फार असतो. आधी ठरलेले असले की मागावे लागत नाही. त्याची परतफेड मात्र आपली वेळ आल्यावर अवश्य करावी.

कमी माणसांत काम व्हावे म्हणून सायकल कोळपे, टोकण यंत्र, तुषार किंवा ठिबक संच यांचा वापर करावा. सोयाबीनचा एमएयूएस १६२ हा उंच वाढणारा वाण यंत्राने काढणीस योग्य आहे. मजुरांची अडचण असलेल्या कुटुंबांनी त्याचा विचार करावा. तणनाशक वापरावयाचे असल्यास पिकासाठी शिफारस केलेलेच, डब्यावरील मात्रेत आणि जमिनीत ओल असताना वापरावे. फवारणी अनोळखी हातांनी किंवा घाईने करू नये. आजारातून उठलेली व्यक्ती, गरोदर स्त्री व मुले यांना फवारणीपासून दूर ठेवावे. रुग्ण झोपतो त्या खोलीत कीटकनाशकाचे डबे कदापि ठेवू नयेत.

जनावरांसाठी मुक्त संचार गोठा सोयीचा पडतो. चारही बाजूंनी साधे कुंपण, एका बाजूला छप्पर, मध्ये पाण्याचा हौद व गव्हाण केल्यास जनावरे सोडणे-बांधणे व वारंवार पाणी पाजणे वाचते. एवढे करूनही झेपत नसेल तर एखादे भाकड जनावर विकून दुभते नीट सांभाळावे.

घरातील कामाची वाटणी

रुग्णाची सेवा ही घरातील स्त्रीने करावयाची असे आपण गृहीत धरतो. स्वयंपाक, धुणी, गोठा आणि खुरपणी तिच्याकडे आधीच असते. त्यावर रुग्णाची अंघोळ, शौच, कूस बदलणे, औषधे आली की काही महिन्यांत तीच आजारी पडते. आमच्या घरी आईचे असेच झाले. पाठ धरली, रात्रीची झोप गेली, पण तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यातच वाटणी करावी. रात्रीची पाळी पुरुषांनी घ्यावी. रुग्णाला उचलणे, बसवणे ही ताकदीची कामे पुरुषांनीच करावीत. आठवड्यातून एक दिवस सेवा करणाऱ्या बाईला पूर्ण मोकळीक द्यावी. तिला माहेरी जाऊ द्यावे, बाजार करू द्यावा, शेतात मोकळ्या हवेत बसू द्यावे. मुलांकडून औषध देणे, वाचून दाखवणे, वहीत नोंदी करणे अशी हलकी कामे घ्यावीत, परंतु कोणाचीही शाळा बंद करू नये. आजारपणात सुटलेली शाळा बहुधा कायमची सुटते, आणि त्यातही मुलीची.

अंथरुणावरील रुग्णाची काळजी

१) स्वतः हलता न येणाऱ्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी. कंबर, टाचा, कोपर व खवाटे रोज पाहावेत. कातडी लाल दिसू लागली तर ती जखमेची सुरुवात समजावी.
२) जेवताना व पाणी पिताना रुग्णाला पाठ टेकवून सरळ बसवावे. ठसका लागत असल्यास डॉक्टरांना दाखवावे, बळेच भरवू नये.
३) लुळ्या हाताला धरून ओढू नये, खांदा निखळतो. काखेत व कमरेला आधार देऊन उठवावे.
४) व्यायाम भौतिकोपचार तज्ज्ञाकडून शिकून घ्यावेत व दिवसातून ठरलेल्या वेळी नियमित करावेत. नुसत्या मालिशने हातपाय सुटत नाहीत.
५) रक्तदाबाची व मधुमेहाची औषधे बरे वाटते म्हणून बंद करू नयेत. दिवसभरात एकूण मीठ एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे. लोणचे, पापड व ठेचा यांतील मीठही यात धरावे.
६) तंबाखू व विडी पूर्ण बंद करावी. रुग्णासमोर इतरांनीही चोळू नये.
७) रुग्णाच्या समोर त्याच्याविषयी तिसऱ्या माणसासारखे बोलू नये. वाचा गेली म्हणजे समज गेली असे नसते.

रुग्णाला पुन्हा शेताकडे नेणे

पक्षाघात असो, मोठी शस्त्रक्रिया असो वा दीर्घ ताप असो, बरा होणारा शेतकरी घरात बसून खचतो. आयुष्यभर रानात वावरलेल्या माणसाला भिंतीकडे पाहत बसणे जड जाते. डॉक्टरांची परवानगी मिळताच त्याला हळूहळू बाहेर न्यावे.

पहिल्या टप्प्यात सकाळी ऊन कोवळे असताना अंगणात किंवा परसात बसवावे. पालक, मेथी, शेवगा, कढीपत्ता, लिंबू अशी छोटी परसबाग अंगणाजवळ केल्यास नजरेला हिरवे दिसते आणि ताटातही भाजी येते. वाफे कमरेइतक्या उंचीवर, जुन्या टाक्यांत किंवा पोत्यांत केल्यास खुर्चीवर बसूनही हात पोचतो.

दुसऱ्या टप्प्यात बसून करावयाची कामे द्यावीत. बियाणे निवडणे, शेंगा सोलणे, उगवणशक्ती तपासणे ही कामे डाव्या हातानेही होतात. उगवणशक्ती तपासण्यासाठी सरसकट १०० दाणे मोजून घ्यावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळी करावी, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहावे आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. सोयाबीनचे ७० किंवा अधिक दाणे उगवले तर बियाणे पेरणीस योग्य समजावे. त्याहून कमी उगवण असल्यास त्या प्रमाणात बियाणे वाढवावे किंवा बदलावे. या कामात बोटांना व्यायाम होतो, मोजण्याने बुद्धीला चालना मिळते, आणि घरालाही त्याचा खरा उपयोग असतो. रुग्णाला वेळ घालवण्यासाठी दिलेले काम आणि गरजेचे काम यांतील फरक लगेच कळतो; म्हणून काम खरेच असावे.

तिसऱ्या टप्प्यात काठी किंवा सोबत घेऊन शेतापर्यंत न्यावे. प्रथम बैलगाडी, मोटारसायकलऐवजी चारचाकीने किंवा जवळ असल्यास पायी. आखाड्यावर टेकून बसण्यास पाठीची खुर्ची, सावली, पिण्याचे पाणी व जवळ शौचाची सोय असावी. डोक्याला रुमाल, पायात न निसटणारी चप्पल असावी. दुपारचे ऊन, विहिरीचा काठ, ओले बांध व मोटरचे उघडे तारजोड यांपासून दूर ठेवावे. एकट्याला सोडू नये.

आबांना पुढच्या मृगाआधी प्रथम शेतात नेले. वाचा तोवर थोडीच परतली होती. खुर्ची बांधावर मांडली. आम्ही पेरणीसाठी पोती काढत होतो. त्यातल्या एका पोत्याकडे ते डाव्या हाताने खुणावत राहिले. आधी कोणाला समजेना. शेवटी ते पोते बाजूला काढून त्यातील दाणे तपासले, तेव्हा शंभरात एक्केचाळीसच उगवले. ते भिजलेल्या मालातले बियाणे होते, चुकून चांगल्यात ठेवले गेले होते. त्या दिवसापासून बियाण्याचे खाते त्यांच्याकडे आहे, आणि आज त्यांच्या तोंडून चुका दाखवणारे शब्द पुरेसे निघतात.

पैसा व कागदपत्रे

१) महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली व २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. दाखल होतानाच शिधापत्रिका व आधार कार्ड त्याला दाखवावे. ही कागदपत्रे एका पिशवीत घरात ठरलेल्या जागी ठेवावीत.
२) बँक खाते पती-पत्नीच्या किंवा मुलासोबतच्या संयुक्त नावाने, दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात असलेला व्यवहार करील, अशा पद्धतीचे असावे. रुग्णाला सही करता येत नसल्यास साक्षीदारांसमक्ष अंगठा घेण्याची सोय असते. शाखाधिकाऱ्यांना भेटून विचारावे.
३) पीककर्जावरील व्याज सवलत मुदतीत फेड केली तरच मिळते. मुदत आजारपणात विसरली जाते, म्हणून वहीत लाल अक्षरांत लिहावी.
४) ई-पीक पाहणी, विमा व अनुदान यांचे संदेश कर्त्या माणसाच्या मोबाइलवर येतात. तो मोबाइल दवाखान्यात बंद पडू देऊ नये. मात्र बँकेचा गुप्त क्रमांक घराबाहेरच्या कोणालाही सांगू नये.
५) दवाखान्याच्या खर्चासाठी घाईने जमीन गहाण टाकण्यापूर्वी किंवा सावकाराकडे जाण्यापूर्वी शासकीय रुग्णालय, जन आरोग्य योजना व शेतमाल तारण योजना यांची चौकशी करावी. घरात ठेवलेला माल पडत्या भावात विकण्यापेक्षा बाजार समितीकडे तारण ठेवणे हिताचे ठरते.

हे लक्षात ठेवा

• तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते : १०८ ला फोन, वेळ नोंदवा, तेल चोळत बसू नका.
• कामे तीन गटांत वाटा. पेरणी, सुरुवातीचे तण, नाजूक अवस्थेतील पाणी, काढणी व गुरे यांना प्राधान्य द्या.
• शेताची वही आजच सुरू करा.
• चार शेजाऱ्यांची सावड आधीच ठरवा.
• सेवा करणाऱ्या व्यक्तीला विश्रांती द्या, मुलांची शाळा सोडवू नका.
• बऱ्या होणाऱ्या माणसाला खरे व झेपेल असे काम द्या.

पीक संरक्षणात आपण रोग येण्यापूर्वीच बीजप्रक्रिया करतो. तिचा खर्च थोडा आणि फायदा मोठा असतो. घराच्या बाबतीत शेताची वही आणि शेजाऱ्यांशी ठरवलेली सावड ही अशीच बीजप्रक्रिया आहे. या अमावस्येला एक वही विकत आणावी, घरातील कर्त्या माणसाजवळ बसावे आणि पहिल्या गटापासून लिहायला सुरुवात करावी. तो बोलतो आहे तोवर विचारून घ्यावे, एवढीच सर्व शेतकरी बंधू-भगिनींना विनंती आहे.